नकार परवडला

कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं की आपल्याला लागतं. हातउसने पैसे मागावेत आणि समोरच्याने सरळ 'नाही जमणार' म्हणावं, की चार दिवस डोक्यातून जात नाही. पूर्वी मुलगी दाखवली की 'पत्रिका जुळत नाही' असं कार्ड यायचं आणि घरातली माणसं तोंडं पाडून बसायची. पण त्या पिढीतल्या बायकांना विचारून बघा. कार्ड आलेली घरं त्या विसरून गेलेल्या असतात. चहा-पोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेलेली आणि मग काहीच न कळवलेली घरं मात्र त्यांना नावागावासकट आठवतात. नकार आला की माणूस पुढचा रस्ता धरतो. काहीच आलं नाही तर तो दाराकडे बघत बसतो.

आमच्या आत्याला याचा अनुभव आहे. तो विषय ती काढत नाही आणि हे नातेवाईकही वाचतात, त्यामुळे मीही काढणार नाही :-)

तर मंडळी, आजचा विषय स्थळांचा नाही, कॉम्प्युटरचा आहे. आमच्या घरातल्या घरात दोन यंत्रं एकमेकांशी बोलेनात, त्याची ही गोष्ट. कॉम्प्युटर म्हटलं की पान उलटणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. कोड लिहिणार नाही.

सांगलीचं आमचं घर जुनं. खालच्या भिंती हातभर जाड. आत्या खालच्या मधल्या खोलीत राहते, आम्ही वर. आत्या ७८ वर्षांची, ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली, आवाज अजून खणखणीत. २०२४ च्या जूनमध्ये ती रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडली. नशिबाने हाड मोडलं नाही. पण पडल्यावर तिथेच भिंतीला टेकून पहाटेपर्यंत बसून राहिली. हाक का मारली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "दोन वाजता कुणाची झोपमोड करायची? उजाडणारच होतं."

आता या माणसाला काय बोलणार!

मोबाइलची रेंज त्या खोलीत येत नाही. बाजारातली वायरलेस बेल आणून पाहिली, भिंतींपुढे तिचं काही चालेना. वायर ओढायची तर पावसाळ्यात भिंत फोडावी लागली असती. वाय-फाय मात्र दोन्ही मजल्यांवर येतं, कारण राउटर जिन्यात आहे. तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याने डोकं लढवलं. खाली आत्याच्या पलंगाशी रास्पबेरी पाय, म्हणजे पत्त्याच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्याला जोडलेलं एक भलंमोठं लाल बटण. वर माझ्या खोलीत एक जुना लॅपटॉप. दोन्हीकडे लिनक्स, दोन्हीकडे पायथनमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. आत्याने बटण दाबलं की खालचा प्रोग्रॅम वरच्याला सांगणार आणि वर घंटा वाजणार. इंटरनेटशी संबंध नाही, सगळं घरातल्या घरात.

भाच्याने पुण्याला होस्टेलवर दोन्ही प्रोग्रॅम लिहिले, आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिले, आणि एका रविवारी येऊन बसवून गेला. तो स्वारगेटला पोचेपर्यंत मी बटण दाबून पाहिलं. घंटा नाही. खालच्या यंत्राच्या पडद्यावर शेवटची ओळ अशी: 'कनेक्शन रिफ्यूज्ड', कंसात क्रमांक १११.

भाच्याला फोन लावला. त्याचं पहिलं वाक्य काय असावं? बरोबर. "मामा, माझ्याकडे तर चालतंय!"

या '१११'ची गंमत सांगतो. दोन यंत्रांचं बोलणं सुरू होताना आधी एक जण दार ठोठावतो. प्रत्येक यंत्राला ६५,५३५ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ज्या दारामागे एखादा प्रोग्रॅम कान देऊन बसलेला असतो ते उघडतं. ज्याच्यामागे कुणीच नसतं, तिथेही यंत्र गप्प बसत नाही. ते तत्काळ उलट निरोप धाडतं, की इथे कुणी नाही. ही रीत टीसीपीच्या नियमांतच लिहून ठेवलेली आहे. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला तो नियमांचा दस्तऐवज सप्टेंबर १९८१चा. २०२२ मध्ये त्याची नवी, एकत्र केलेली आवृत्ती निघाली, तरी हा शिरस्ता तोच राहिला.

म्हणजे 'रिफ्यूज्ड' वाचून कपाळाला हात लावायचं कारण नाही. त्या एका शब्दात किती बातम्या आहेत बघा. वाय-फाय चालू आहे. पत्ता धरून निरोप कुठल्यातरी जिवंत यंत्रापर्यंत पोचला आहे. ते यंत्र जागं आहे आणि परतीचा रस्ताही मोकळा आहे. एवढं सगळं ठीक असल्याशिवाय नकार येऊच शकत नाही. उरला प्रश्न एवढाच, की त्या दारामागे कुणी का नाही?

पायथनने या नकाराला स्वतंत्र नावही दिलं आहे. पूर्वी नेटवर्कच्या सगळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात यायच्या आणि क्रमांक बघून कुठली कुठली हे ओळखावं लागायचं. २०१२ मध्ये पायथन ३.३ आलं तेव्हापासून नकार वेगळा आणि मुदत संपणं वेगळं, अशी दोन नावं झाली. क्रमांक मात्र प्रत्येक घराण्याचा आपापला. लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१. माणूस तोच, आडनावं तीन.

मग वर जाऊन पाहिलं. लिनक्सवर 'एसएस' नावाची आज्ञा आहे. कुठला प्रोग्रॅम कुठल्या दारामागे बसला आहे त्याची यादी ती देते. भाच्याचा प्रोग्रॅम यादीत होता, पण त्याच्यापुढे पत्ता होता १२७.०.०.१.

हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर, यंत्राने स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवले आहेत. (इंटरनेटवर पत्त्यांची टंचाई का झाली, असं कुणी विचारलं तर हेही एक उदाहरण सांगता येईल.) त्या पत्त्यावर बसलेला प्रोग्रॅम फक्त आपल्याच घरातली हाक ऐकतो. भाच्याच्या लॅपटॉपवर बोलणारा आणि ऐकणारा दोघे एकाच यंत्रात होते, म्हणून तिथे सगळं सुरळीत. आमच्याकडे हाक खालून येत होती आणि वरचा आपल्याच मनाशी बोलत बसला होता. शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हे वळण येतं, कारण बहुतेक उदाहरणांमध्ये हाच पत्ता दिलेला असतो. आणि ते बरोबरही आहे. परक्यासाठी दार उघडायचं ते जाणूनबुजून, आपोआप नाही.

१२७.०.०.१ च्या जागी ०.०.०.० केलं. याचा अर्थ, माझ्या सगळ्या बाजूंनी येणारी हाक ऐक. हे करताना एक पथ्य पाळावं लागतं. आता घरातलं कुठलंही यंत्र ते दार ठोठावू शकतं, म्हणून राउटरमधून बाहेरच्या जगासाठी तीच वाट उघडून ठेवायची नाही.

बदल करून प्रोग्रॅम पुन्हा चालू केला तर तो म्हणाला, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज', क्रमांक ९८. जुना प्रोग्रॅम तर बंद केला होता, मग पत्ता वापरतंय कोण? उत्तर मजेशीर आहे. ज्या बाजूने आपणहून कनेक्शन संपवलं, तिला थोडा वेळ सुतक पाळावं लागतं. वाटेत रेंगाळलेला एखादा जुना निरोप उशिरा येऊन नव्या संसारात घुसू नये म्हणून हा दंडक. लिनक्सवर हे सुतक ६० सेकंदांचं. घाई असेल तर प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून सवलत घेता येते. भाच्याने फोनवरून ती ओळ सांगितली. आपल्याकडेही गुरुजी काहीतरी तोड काढून देतातच की!

पुन्हा बटण दाबलं. आता नकारही आला नाही. काहीच आलं नाही. पडद्यावर नुसती लुकलुकणारी काडी. मी खाली, बायको वर लॅपटॉपपाशी, "वाजली का?" "नाही!" असा जिन्यातून संवाद. साधारण दोन मिनिटांनी खालचा प्रोग्रॅम म्हणाला, 'टाइम्ड आउट'.

ही दोन मिनिटं कुठून आली? लिनक्स पहिली थाप मारतं, एक सेकंद थांबतं, पुन्हा मारतं, आणि पुढे वाट बघण्याचा वेळ दुपटीने वाढवत पुन्हा पुन्हा ठोठावतं. सगळं मिळून दोन मिनिटांच्या थोडं वर जातं. कंटाळून परत फिरायच्या आधी एवढी चिकाटी आपल्यात तरी कुठे असते?

नकारात जितकी माहिती असते तितकीच शांततेत ती नसते. यंत्र बंद असेल, पत्ता चुकीचा असेल, वाय-फाय गळपटलं असेल, किंवा मधे कुणीतरी निरोप गिळत असेल. कुठलंही असू शकतं. अशा वेळी माणूस सगळीकडे एकदम हात घालतो. राउटर बंद-चालू करतो, प्रोग्रॅम बदलतो, वायर हलवतो, आणि चाललं तर कशाने चाललं ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा जवळून लांब जावं.

म्हणजे असं. आधी प्रोग्रॅम कान देऊन बसला आहे का, ते बघायचं. मग त्याच यंत्रावरून 'मी स्वतः' या पत्त्यावर हाक मारायची. मग त्याच यंत्रावरून, पण त्याच्या घरातल्या पत्त्यावर. आमच्या लॅपटॉपचा तो पत्ता होता १९२.१६८.१.५. मग दुसऱ्या यंत्रावरून नुसतं 'आहेस का?' विचारायचं, म्हणजे पिंग करायचं. आणि शेवटी दुसऱ्या यंत्रावरून त्या नेमक्या दाराशी. जी पायरी पहिल्यांदा मोडेल तिथेच घोटाळा. त्याच्या अलीकडचं सगळं निर्दोष, आणि पलीकडचं बघण्यात आत्ता अर्थ नाही.

ही पिंग आज्ञा माइक म्यूस नावाच्या गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. ते अमेरिकन लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत होते, नेटवर्क नीट चालत नव्हतं, म्हणून एका बैठकीत त्यांनी हे छोटं हत्यार बनवलं. पाणबुडी शोधताना ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनीची वाट बघतात, त्या आवाजावरून हे नाव. चाळीस वर्षं उलटून गेली तरी जगभरचे लोक नेटवर्क बिघडलं की आधी तेच करतात.

आमच्याकडे पहिल्या चारही पायऱ्या पक्क्या निघाल्या. पिंगला उत्तर येत होतं, पाचवी पायरी मात्र मुकी. यंत्र जिवंत आहे, बोलतंय, पण एका विशिष्ट दारावरची थाप गिळली जाते आहे, म्हणजे काम फायरवॉलचं. हा लॅपटॉप एका ऑफिसातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेला, त्यावरचा पहारेकरी अजून नोकरीवरच होता. अनोळखी माणूस आला तर 'साहेब नाहीत' असं म्हणणारे पहारेकरी असतात आणि खिडकीतून बघून दारच न उघडणारेही असतात. बाहेरच्या चोरासाठी दुसरा प्रकार चांगला, कारण आत कुणी आहे की नाही हेच त्याला कळत नाही. घरच्या माणसाचा मात्र त्यात जीव जातो. त्या एका दारापुरती परवानगी दिली आणि घंटा वाजली!

आत्याला खालून ऐकू गेली. म्हणाली, "देवळातली वाटते."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पावसाळा होता आणि दिवसाआड वीज जात होती. एका संध्याकाळी वीज येऊन गेल्यावर मी सवयीने बटण दाबून पाहिलं, तर पुन्हा १११. नकार! म्हटलं, हा तर आपला ओळखीचा. वर जाऊन पाहिलं तर प्रोग्रॅम जागच्या जागी, ०.०.०.० वर कान लावून बसलेला. स्वतःची स्वतःला हाक पोचते. खालून पिंगला उत्तर येतं. आणि तरीही दाराशी नकार.

अर्धा तास गेला त्यात. मग लक्षात आलं, की नकार आला हे खरं, पण आला कुणाकडून? वीज गेल्यावर राउटर सगळं विसरला होता आणि वीज आल्यावर त्याने घरातल्या यंत्रांना नव्याने पत्ते वाटले होते. १९२.१६८.१.५ आता दिवाणखान्यातल्या टीव्हीला मिळाला होता. लॅपटॉप आठ क्रमांकावर. आत्याचं यंत्र इमानेइतबारे टीव्हीचं दार ठोठावत होतं आणि टीव्ही सभ्यपणे सांगत होता, इथे कुणी नाही. भाड्याचं घर बदललेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर आपण जावं आणि नव्या भाडेकरूने 'आम्ही नाही ओळखत' म्हणावं, तसं.

राउटरमध्ये लॅपटॉपसाठी पाच क्रमांक कायमचा राखून ठेवला. आणि भाच्याने एक भर घातली. दार उघडल्यावर वरच्याने आधी 'वरची खोली' असं नाव सांगायचं आणि ते ऐकल्याशिवाय खालच्याने निरोप द्यायचा नाही. टेलिफोन उचलल्यावर आधी नंबर सांगायची पद्धत होती, आठवतं?

आणखी एकदा बायकोने धूळ पुसताना लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि तो झोपी गेला. त्या वेळी खाली तिसरीच ओळ, 'नो रूट टू होस्ट', क्रमांक ११३. हा निरोप लॅपटॉपचा नव्हे. खालच्या यंत्राने 'पाच क्रमांकवाला कोण?' असं घरभर विचारलं, दोन-तीन सेकंदांत कुणीच 'मी' म्हणालं नाही, तेव्हा ते स्वतःच बोललं. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, अशी ताकीद लॅपटॉपला देऊन ठेवली.

मंडळी, इथवरच्या सगळ्या भानगडींत एक गोष्ट समान होती. बटण दाबल्यावर काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. लगेच म्हणा, दोन मिनिटांनी म्हणा, पण कळत होतं. ऑगस्टमध्ये जे झालं त्यात तेही कळलं नाही.

एव्हाना भाच्याने रचना बदलली होती. दर वेळी नव्याने दार ठोठावण्याऐवजी खालच्या यंत्राने सकाळीच वरच्याशी कनेक्शन जोडायचं आणि ते धरून ठेवायचं, म्हणजे ऐन वेळी घोळ नको. एका मंगळवारी रात्री तो नोंदी चाळत होता आणि म्हणाला, "मामा, सोमवार सकाळपासून खालून काहीच नाही." मी खाली गेलो. कामाच्या मावशींनी सोमवारी इस्त्रीसाठी खालच्या यंत्राचा प्लग काढला होता आणि पुन्हा लावायचा राहिला होता. तो पलंगामागे लोंबत होता. सोमवारची अख्खी रात्र आत्याच्या उशाशी एक मेलेलं बटण होतं. वर लॅपटॉपवर मात्र लिहिलेलं होतं, 'कनेक्शन चालू'.

काही झालं नव्हतं. आत्या छान झोपली होती. पण मला ती रात्र झोप आली नाही.

असं कसं होतं? प्रोग्रॅम नीट बंद केला तर जाताना तो 'येतो' म्हणून जातो. तो मधेच कोसळला तरी यंत्र त्याच्या वतीने निरोप देतं. पण यंत्राचीच वीज गेली तर सांगणार कोण? पलीकडच्याला वाटत राहतं की बोलणं चालू आहे, समोरचा सध्या गप्प आहे इतकंच. आणि पायथनच्या सॉकेटला आपण मुदत घालून दिली नाही, तर त्याची वाट बघण्याची मर्यादा म्हणजे 'मर्यादाच नाही'. तो बसून राहील. लिनक्सकडे 'अजून आहेस का' असं विचारण्याची सोय आहे, पण मुळात ती बंद असते, आणि चालू केली तरी पहिला प्रश्न दोन तासांच्या शांततेनंतर विचारला जातो. हे दोन तासही १९८९ पासूनच्या नियमांत आहेत. मग सव्वा-सव्वा मिनिटाने नऊ वेळा विचारून झालं की तो मान्य करतो, गेला बिचारा. सगळे मिळून दोन तास अकरा मिनिटं. आणि न्हाणीघरात पडलेला माणूस?

बुधवारी मी आणि भाचा फोनच्या स्पीकरवर यावर डोकं खाजवत होतो. प्लग निघाला हे प्लग निघालेल्या यंत्राने कसं सांगावं? आत्या पलंगावर शेंगा सोलत होती. तिने मधेच विचारलं, "तुमचं काय अडलंय नेमकं?"

सांगितलं.

ती म्हणाली, "अरे, गैरहजर असलेला मुलगा कधी 'मी गैरहजर' म्हणून सांगतो का? मी ३४ वर्षं काय केलं? हजर असेल त्याने 'हजर' म्हणायचं. जो म्हणाला नाही तो आला नाही. एवढं कळायला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

फोनवर दोन सेकंद शांतता. मग भाचा म्हणाला, "आज्जी, याला हार्टबीट म्हणतात."

"याला हजेरी म्हणतात," आत्या म्हणाली.

तेव्हापासून आमच्या प्रोग्रॅममध्ये त्या भागाचं नाव 'हजेरी'च आहे. खालचं यंत्र दर ३० सेकंदांनी 'हजर' म्हणतं. वरच्याला ९० सेकंदांची मुदत. तीन हजेऱ्या चुकल्या की वर वेगळ्या आवाजाची घंटा वाजते. वीज, प्लग, वाय-फाय, राउटर, टीव्ही, काय बिघडलं ते नंतर बघू. आधी खाली जाऊन ये. शांततेचा अर्थ लावत बसायचं नाही, तिला मुदत घालायची. इतके दिवस सगळं ओझं आम्ही बटण दाबणाऱ्यावर टाकलं होतं. संकटात असलेल्यानेच सांगायचं, की मी संकटात आहे. हजेरीने ते उलटं झालं. आता सगळं ठीक आहे हे सांगावं लागतं, आणि सांगितलं नाही तर कुणीतरी उठून बघतं.

आणखी एक गोष्ट त्या नोंदींवरून मला दिसली. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत लाल बटण जितक्या वेळा दाबलं गेलं, ते सगळं माझं किंवा भाच्याचं काम. आत्याने ते एकदाही दाबलेलं नव्हतं. रात्री पाय दुखतात, तहान लागते, न्हाणीघराशी अंधार असतो, हे सगळं ती दुसऱ्या दिवशी गप्पांच्या ओघात सांगायची. आम्ही दोन महिने यंत्रांचं बोलणं दुरुस्त करत होतो, आणि खरी अडचण बटणाच्या अलीकडे बसली होती. तिथे एसएस चालत नाही की पिंग चालत नाही. "कशी आहेस?" विचारलं की "मला काय धाड भरलीय" हे ठरलेलं उत्तर येतं. तो टीव्हीचा नकार. सभ्य, तत्काळ आणि चुकीच्या पत्त्यावरून आलेला.

मग तिचीच युक्ती तिच्यावर चालवली. म्हटलं, "आत्या, यंत्र हजेरी देतं, तूही देत जा. सकाळी उठलीस की एकदा बटण दाब. मदत-बिदत काही नको, नुसतं हजर." हे तिला लगेच पटलं. मदत मागणं म्हणजे कुणाची तरी झोपमोड. हजेरी देणं म्हणजे शिस्त.

परिणाम असा झाला, की माझी झोपमोड रोज पहाटे साडेपाचला होते :-) बायको म्हणते, घंटेचा आवाज तरी कमी करा. मी करत नाही. साडेपाच वाजून गेले आणि वाजली नाही, की आम्ही दोघेही न बोलता पायात चपला सरकवतो. दोनदा असं झालं. दोन्ही वेळा ती गाढ झोपलेली होती आणि 'सुट्टीच्या दिवशीसुद्धा हजेरी का?' म्हणून आमच्यावरच चिडली.

२०२५ च्या जानेवारीतली एक नोंद मी काढून ठेवली आहे. वेळ पहाटे २ वाजून ४० मिनिटं. प्रकार: बटण. खाली गेलो तर आत्या पलंगावर बसून पोटरी दाबत होती. गोळा आला होता, बाम कपाटात वरच्या खणात. चोळून दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली, पंधरा मिनिटांत उतरला.

"झोपमोड झाली तुझी," ती म्हणाली.

"झाली," मी म्हटलं. "बरं झालं दाबलंस."

ती काही बोलली नाही. मी वर आलो तेव्हा लॅपटॉपवर हजेरीच्या ओळी चालू होत्या, तीस-तीस सेकंदांनी एक.